लेकीच्या दारचं पाणी

हॅलो?… हॅलो? कोण?… मोठ्यानं बोल बाई, नुसती घरघर ऐकू येतीय… कोण, सुकन्या? अगं माय, तूच हाय का! थांब, थांब, हातातलं सूप ठेवते.

छबुबाईने तुरीचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि ओट्याच्या कडेच्या खांबाला पाठ लावून ती बसली. उमापुरात तिच्या घराला रेंज येते ती त्या एका खांबापाशी.

हां, बोल आता… आमी समदे बरे हाव, तुझं सांग. दशम्या आजच खाऊन टाक, चटणी टिकतीय. आन् लोणच्याची बरणी उभी ठेव बरं का, आडवी पडली की… सांडलं? आत्ताच?… कशावर?… नव्या पांढऱ्या कपड्यावर! झालं. नर्स व्हायच्या आधीच हळद लागली म्हण त्याला… हसतीस काय, लिंबू चोळ गेल्यावर. आन् ही घरघर कसली गं मघाधरनं?

गाडीत?… कोणच्या गाडीत?

अगं, तुझी गाडी दुपारची होती ना? वसतिगृहाच्या धनश्रीबाईंनी मला तसंच सांगितलं होतं… सकाळच्या गाडीत बसवलं? कावून?… दुपारची रात्री पोचती म्हून… व्हय. व्हय, त्यांचं बी बरोबर हाय. अनोळखी गावात एकट्या पोरीनं रातचं उतरायचं म्हणजे… बरोबरच हाय त्यांचं.

कुठवर आलीस?… टोलनाका? पाडळशिंगीचा?… गेला बी?

समोर अंगणात एक घोंगडी टेकवल्याची खूण अजून तशीच होती. सारवणावर काळी लोकर चिकटलेली.

न्हाई, काय न्हाई. गप कुठं झाले… खिडकीला बसलीस ना? शेजारी बाई हाय का बुवा?… बुवा. झोपलाय? खांद्यावर मान टाकली तर कोपरानं ढोस खुशाल. लाजू नको.

सुकन्या ही बिभीषण मेंढपाळाची थोरली. पाचवीपासून ती बीडला, मुलींना शिकवणाऱ्या एका संस्थेच्या वसतिगृहात राहिली. तिला तिथे नेऊन घातलं ते छबुबाईने. उमापुरात संस्थेचं माणूस म्हणजे छबुबाई. नातवंडं झाल्यावर संस्थेच्याच रात्रीच्या वर्गात ती स्वतः अक्षरं शिकली, आणि मग घरोघर हिंडून लोकांच्या मुली मागू लागली. दिवाळीला आणि मे महिन्यात आईबाप मेंढरांमागे परमुलखात असत, तेव्हा पोरगी सुट्टीला छबुबाईकडेच यायची. आता बारावी झाली, जळगावला नर्सिंगला नंबर लागला. बीडहून जळगावला जाणारी एसटी गेवराईवरून जाते, आणि गेवराईहून उमापूरचा फाटा फुटतो. तो फाटा जवळ आला म्हणून पोरीला राहवलं नाही, तिने फोन लावला.

काय म्हणलीस?… बापूनं इचारलं का म्हणतीस…

हे बघ, सुकन्या… अगं ऐक ना. आधी ऐक. तुझा बापू बीडला गेलाय.

तुझ्यासाठी. तुला घालवायला… खोटं कशाला बोलू गं? सकाळच्या दुधाच्या गाडीवर बसून गेला. गेवराईला उतरून जीप धरतो म्हणला. स्टँडवर जा, जळगावच्या फलाटापाशी उभा रहा, दुपारची गाडी हाय, असं मीच सांगितलं त्याला. मीच… फोन? त्याच्याजवळ कुठला आलाय फोन. घरात एकच, तो तुझ्या आईजवळ. आन् ती मेंढरं घिऊन रानात.

न्हाई बाई, एवढं तोडून नको बोलू… व्हय. आठ वर्षं आत आला न्हाई, मला काय ठावं न्हाई का… व्हय, फाटकाच्या भाईर लिंबाखाली उभा राहायचा. ज्वारीचं पोतं आईच्या हातानं आत धाडायचा. तू तांब्या घिऊन पळत गेलीस तरी पाणी न्हाई घेतलं… तहान न्हाई म्हणला. वैशाखात. व्हय.

अगं, लाज वाटती म्हून न्हाई. शिकतीस म्हून राग बी न्हाई. आपण दोघी आठ वर्षं तेच समजत आलो. मी तुला म्हणायची, मेंढक्याची जात, त्याला शाळेचं काय कळतंय, जाऊ दे. म्हणायची ना?… ते चुकलं. समदं उलटं हाय पोरी. आज सकाळी कळलं.

हॅलो?… तुटतंय का?… हां, आता येतंय.

सकाळी मी अंगण सारवत होते. तो आला, खांद्यावर नवी घोंगडी. आपल्याच लोकरीची, सणगराकडं बसून विणून घेतलेली. मधी एक पांढरा पट्टा हाय. तुझ्या त्या कपाळावर चांदवा असलेल्या कोकराची पिलावळ, तिची लोकर… तीच, जिला तू दूध पाजायचीस. त्यानं घोंगडी इथं टेकवली आन् म्हणला, मावशी, हे तेवढं सुकन्याला पोचतं करा. जळगावला थंडी लई असती म्हणतात. पर आधी त्यांना इचारा. त्यांनी घिऊ दिलं तरच द्या.

मी म्हणलं, त्यांना म्हंजे कुणाला बाबा?

तर म्हणतो, तिच्या घरच्यांना. मोहनराव मालकांना.

तुला बी काय कळंना ना? मला बी न्हाई कळलं. हातातला पोतेरा हातात.

दिंद्रुडचे मोहनराव आणि सुंदरबाई हे दांपत्य सुकन्याच्या शिक्षणाचा भार उचलत होतं. संस्थेची रीतच तशी होती: एक मुलगी, एक कुटुंब. सव्वीस जानेवारीला दोघं वसतिगृहावर यायची, खाऊ द्यायची, डोक्यावर हात ठेवायची आणि जायची. त्यांना मूलबाळ नव्हतं.

तुला तो कार्यक्रम आठवतो का? आपल्या शाळेच्या पटांगणात, मांडव घातलता… लाऊडस्पीकर, हां. तुमी पाच-सहा पोरी होता. नवे झगे. पाव्हणे खुर्च्यांवर. तुला सुंदरबाईंनी काय केलं, आठव… साखर घातली तोंडात. आन्?… मांडीवर घेतलं. व्हय. तू वाळकी काडी, ओढून घेतलं तिनं, आन् फोटूवाला म्हणला तसंच ऱ्हावा. मग बिभीषणला वर बोलावलं. त्याला धोतर-टोपीचा आहेर केला, नारळ दिला. तुझा हात त्याच्या हातात, त्याच्या हातनं सुंदरबाईच्या हातात. आन् टाळ्या.

आता मला सांग, आपल्यात लेकरू दुसऱ्याच्या पदरात घालतात ते कसं घालतात?… तुला कुठनं ठावं असणार, तू दहा वर्षाची. असंच घालतात गं. मांडीवर बसवायचं, साखर घालायची, जन्म देणाऱ्याला आहेर करायचा. चार माणसांच्या देखत. झालं. मग ते लेकरू त्यांचं.

छबुबाईचा आवाज खाली आला.

त्याला वाटलं, दिली आपण पोरगी… हां. त्याला आन् तुझ्या आईला, दोघांनाबी. शाळेत घालायला म्हून घिऊन आले, आन् मांडवातनं रिकाम्या हातानं गेले.

बोलला कावून न्हाई? मी बी तेच इचारलं. तर म्हणला, मावशी, ज्या मालकाच्या रानात बापजाद्यापासनं मेंढरं बसवली, खताच्या बदल्यात त्याचे दाणे खाल्ले, त्याच्या बायकोच्या मांडीवरनं पोरगी उचलून आणू का? तिला लेकरू न्हाई, आन् मी गावादेखत तिचा हात झटकू? आन् मग म्हणला, पोरगी तिथं पोटभर खाईल, शिकंल. आपल्यामागं काय, काटे आन् कुत्री. म्हून गप बसला.

संस्थेच्या बायांना नको बोलू. त्यांना आपल्याकडची रीत कुठली ठावं? फोटू चांगला यावा, पाव्हण्यांना बरं वाटावं म्हून केलं त्यांनी. सुंदरबाईनं बी मायेनं केलं. तिच्या मनात बी नसंल… पर मला ठावं होतं ना, सुकन्या. मी पुढंच बसलते. मी काय करीत होते सांगू? मांडवावर कापडी फलक होता, त्याची अक्षरं लावीत होते. पहिल्यांदाच येवढी लांब ओळ मला एकटीला वाचता आली. शेजारच्या बाईला बोट दावून सांगत होते, हे ‘मु’, हे ‘ली’. फलक समदा वाचला. खाली तुझ्या बापाचं तोंड न्हाई वाचलं.

रडू नको… बरं, रड. खिडकीकडं तोंड कर.

व्हय, आता लागतंय ना समदं?… व्हय, पावसाळ्यात तू घरी गेलीस की तुला घोंगडीवर बसवायचा. शेणात हात घालू द्यायचा न्हाई. निघताना चोळीचं कापड… परक्या घरच्या लेकीला देतात तसं, व्हय. आन् तू इथं येऊन माझ्याजवळ रडायचीस, बापू मला पाव्हणीवाणी वागवतो, म्हणायचीस. मला वाटायचं, शिकलेल्या पोरीला बिचकतोय.

दिंद्रुडला मेंढरं न्यायची पण सोडली त्यानं. एवढं चांगलं रान, पाण्याकाठी. दिल्या लेकीच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई, तर दाणे कसे खाणार? तिकडं मोहनरावांना वाटलं, बिभीषणला दुसरीकडं जास्ती मिळत असंल. वसतिगृहाच्या दारात पाणी घेतलं न्हाई ते बी त्याच्यामुळंच गं. त्याच्या लेखी ते तुझ्या त्या घरचं दार. बापानं त्या दारचं पाणी प्यायचं नसतं.

मी सांगितलं की! समदं सांगितलं. म्हणलं, बाबा, फी भरत्यात ते, बस. पोरगी तुझीच हाय. कागदावर तुझंच नाव हाय, तुझंच आडनाव लावती ती. तर उभाच राहिला नुसता. मग खाली बसला. मला म्हणला, आन् तिला ठावं हाय का हे? म्हणलं, तिला दुसरं काय वाटायचं कारणच न्हाई, ती तर म्हणती बापूच मला इसरला.

तेवढं ऐकलं आन् उठला. चहा टाकलता, तो बी न्हाई घेतला. घोंगडी उचलली, दुधाच्या गाडीला हात केला.

तवाच धनश्रीबाईंना फोन लावला असता तर! मला वाटलं दुपारची गाडी हाय, टाइम हाय. म्हणलं, बापलेकीची भेट व्हईल, मधी आपण कशाला बोलावं.

समोरनं? टोलनाक्यावर?… काळीपिवळी जीप गेली?… त्यातच असंल असं कशावरनं. किती जीपा जात्यात… मागच्या फळीवर कोण दिसलं का?… न्हाई. तू तवा बरणी पुसत होतीस. बरं. असू दे.

आलं का गेवराई?… स्टँडात घेतली गाडी? किती थांबती?… कंडक्टर चहाला उतरला ना, मग तू बी उतर. पेटी त्या झोपलेल्या बुवाला बघायला सांग… उठव त्याला, ढोस म्हणलं ना कोपरानं! फोन बंद करू नको, हातात धर. स्टँडाच्या भाईर बीडच्या जीपा लागत्यात, तिथं जा. भरल्याशिवाय सोडत न्हाईत, एखाद वेळी अजून बसला असंल.

छबुबाई उठून उभी राहिली. खांबापासून लांब जाता येत नव्हतं, म्हणून ती तिथल्या तिथेच खांबाला धरून वळली, उमापुरातून गेवराई दिसणार असल्यासारखी. फोनातून हॉर्न येत होते, ‘चला बीड बीड बीड’ येत होतं, पोरीच्या धापा येत होत्या.

काळी घोंगडी, पांढरा पट्टा. पटका लाल… इचार त्या जीपवाल्याला. दादा म्हून इचार, लाजू नको… काय म्हणतो?

होता?

कवा गेला?… मघाच्या जीपला. मघाची म्हंजे किती… लई वेळ न्हाई झाला… हां. बरं.

आन्? काय म्हणला आणखी?… कुणाला म्हणला, जीपवाल्याला?… ‘माझी लेक’?… तसंच म्हणला? ‘माझ्या लेकीला घालवायला चाललो’?… समद्या जीपला सांगत होता. पुढची सीट मागत होता, लवकर उतरायला मिळावं म्हून.

छबुबाईने पदर तोंडात धरला. आठ वर्षांत त्या माणसाच्या तोंडून पोरीचा विषय निघाला तरी तो ‘ती’ म्हणायचा. ‘ती बरी हाय का’, ‘तिला थंडी वाजती का’.

न्हाई, हाय मी. ऐकतीय… शिट्टी झाली का?… तू काय म्हणतीस, उलटं बीडला जाते?

पोरीने आता पलीकडून भराभर विचारायला सुरुवात केली असावी, कारण छबुबाई नुसती मान हलवत राहिली, फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे विसरून.

सुकन्या… अगं ऐक ना. दुसरी गाडी किती वाजता, ते मला बी ठावं न्हाई… हां, रातची. रातची गाडी धनश्रीबाई न्हाई म्हणल्या ना. आन् उद्या सकाळी हजर न्हाई झालीस तर?… नंबर पुढच्या पोरीला. मग?

मला काय वाटतं म्हून इचारू नको बाई. मला तर वाटतं, तिथंच उभी रहा. जीपनं परत जा, त्याच्या गळ्यात पड. आजवर किती पोरींच्या आईबापाला म्हणलं असंल, पोरीला धाडा, धाडा. आज पहिल्यांदा वाटतंय, थांब म्हणावं.

पर जा तू. बस गाडीत… बस म्हणते ना! त्यानं आठ वर्षं काळीज दाबून धरलं ते कशापायी? तू शिकावं म्हून. ती परकी झाली तर होऊ दे, पर शिकू दे, असं म्हणलेला माणूस हाय तो. आज त्याच्यापायी नंबर गेला, तर पुन्हा फाटकाच्या भाईरच उभा राहील जन्मभर… बसलीस? पेटी हाय का जाग्यावर?… बुवा जागा झाला, बरं झालं. त्याला म्हणावं आता बस लोणच्याच्या वासात.

निघाली गाडी.

उमापूरचा फाटा आला?… हात कर. कुणाला म्हंजे, मला कर… केला? मी बी केला बघ. इथंच, खांबापाशी. येडी म्हणतील शेजारचे.

बरं बोल, काय सांगायचंय त्याला?… धनश्रीबाईंना फोन लावू? हां, लावते, हे ठिवलं की लगेच लावते. म्हणते, स्टँडवर जावा, लाल पटका, काळी घोंगडी, जळगावच्या फलाटापाशी उभा असंल. न्हाई तर तो तिथंच उभा राहील गं. दुपारची गाडी यील, तो खिडकी-खिडकी बघत फिरल, गाडी जाईल. तरी उभा राहील.

मग?… वसतिगृहावर न्यायचं. बरं… आत. हां, आत न्यायचं. फाटकात न्हाई ठेवायचं.

तुझी खाट दावायची. कोणची, खिडकीजवळची?… भिंतीवर काय लिहिलंय?… त्याला कुठं वाचता येतंय, पोरी… बरं, बाईंना वाचून दावायला सांगते. ‘सुकन्या बिभीषण’. बापाचं नाव लिहिलंय म्हून सांगते.

आन् पाणी?

ओट्यावर छबुबाईने बिभीषणसाठी ठेवलेला सकाळचा चहा तसाच होता, वर साय धरलेला.

पिईल. पिईल की. आता कावून न्हाई पिणार… सांगते बाईंना. घेता का म्हून इचारायचं न्हाई, तांब्या नुसता हातात द्यायचा. बरं… तुझा तांब्या? तू सोडून गेलीस तिथं? कडी तुटकी, हां. त्याच तांब्यात द्या म्हणते.

बघ की गं कसं हाय. तू आत होतीस तवर तो भाईर उभा राहिला. आज आत जाईल, तर तू न्हाईस तिथं… न्हाई, रडत न्हाई मी. तुरीची टरफलं उडत्यात.

पोचलीस की फोन कर. मी त्याला घिऊन येते जळगावला, लोकर कातरणी झाली की… येते म्हणजे येते. एसटीची पाटी वाचता येती मला आता. घोंगडी बी तवाच आणतो आमी, त्यानंच अंगावर घालायची तुझ्या… हॅलो?… सुकन्या? पुलाजवळ आलीस का?… हॅलो?

हॅलो?

फोन कटला होता. छबुबाईने तो कानावरून काढला, चष्मा शोधला आणि नावांच्या रांगेत बोट फिरवू लागली. ‘ध’ लवकर सापडेना. डोळ्यांत पाणी होतं, आणि ‘घ’ आणि ‘ध’ तिला अजूनही सारखेच दिसत.